घरची मराठी, दारची बंगाली

स्वभाषेचा अभिमान आणि परभाषेविषयी आपुलकी या दोन गोष्टी एका घरात सुखाने नांदू शकतात काय, हा प्रश्न आपल्या मंडळाच्या गेल्या काही सभांतून निरनिराळ्या रूपांनी पुढे आला आहे. कधी तो हळदीकुंकवाच्या आमंत्रणांवरून निघाला, कधी वाचनवर्गाच्या पुस्तकांवरून, तर कधी आपल्या गल्लीत नव्याने राहावयास आलेल्या बंगाली, तेलुगू आणि हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांवरून. काही भगिनींना वाटते की, दार फार उघडे टाकले तर घरातले जाईल. काहींना वाटते की, दार लावून बसलो तर घरात वाराच येणार नाही. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात कळकळ आहे, हे मी जाणते. चिटणीसबाईंनी वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मनात आले की, आपले सारे आयुष्य मुलींना इतिहास शिकविण्यात गेले. तर मग वाद वाढविण्यापेक्षा एका माणसाची हकीकत भगिनींपुढे ठेवावी. त्या माणसाचे नाव सखाराम गणेश देउस्कर. महाराष्ट्रात हे नाव फारसे कोणी घेत नाही. बंगालच्या स्वदेशी चळवळीचा इतिहास मात्र ते गाळून लिहिता येत नाही.

देउस्करांची थोरवी समजावयाची, तर आधी एक कडू गोष्ट ऐकून घ्यावी लागेल. आपल्याकडे मूल झोपत नसले की बागुलबुवाचे भय घालतात. बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आयांनी भय घातले ते ‘बर्गी’ आल्याचे. हा बर्गी म्हणजे कोणी राक्षस नव्हे. तो आपला बारगीर. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी बंगालवर चालून गेले. तेथपासून जवळजवळ दहा वर्षे मराठी फौजांच्या स्वाऱ्या त्या प्रांतावर होत राहिल्या. १७४४ साली नबाब अलीवर्दीखानाने भास्करपंतांना भेटीस बोलावून दगाफटक्याने मारले, त्याचा सूड म्हणून स्वाऱ्यांना आणखी जोर चढला. अखेरीस १७५१ साली तह होऊन ओरिसा मराठ्यांकडे आला आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये ठरले.

आपल्या पुस्तकांतून ही हकीकत पराक्रमाची म्हणून येते. अटकेपार झेंडे लावणाऱ्यांची एक तुकडी पूर्वेकडेही गेली होती, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्या गावांवरून त्या फौजा गेल्या, त्या गावांतही माणसे राहत होती. गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र-पुराण’ नावाचे काव्य रचले. त्यात जळणारी खेडी आहेत, पोथ्या पाठीशी बांधून पळणारे पंडित आहेत, पोराबाळांसह रानोमाळ झालेल्या बायका आहेत, आणि त्या बायकांची झालेली विटंबनाही आहे. कलकत्त्याच्या लोकांनी त्या वेळी शहराभोवती खंदक खणावयास घेतला, त्याला पुढे ‘मराठा खंदक’ असेच नाव पडले. ही दुसरी बाजू वाचताना मराठी मनाला यातना होतात. पण इतिहास हा दोन खिडक्यांचा असतो; आपल्या खिडकीतून दिसते तेवढेच आभाळ नव्हे, हे समजल्याशिवाय त्याचा अभ्यास पुरा होत नाही.

मराठी सत्तेच्या विस्ताराच्या त्याच अठराव्या शतकात कोकणातल्या देऊस गावचे एक ब्राह्मण कुटुंब पूर्वेकडे जाऊन देवघरजवळच्या करौं या गावी स्थायिक झाले. वैजनाथाचे देवघर ते हेच. त्या काळी हा मुलूख बंगाल इलाख्यात होता. आज तो झारखंड राज्यात आहे. या कुटुंबात १७ डिसेंबर १८६९ रोजी सखारामचा जन्म झाला. पाचएक वर्षांचा असतानाच त्याची आई वारली आणि पोरक्या मुलाला त्याच्या विधवा आत्याने वाढविले. या आत्याबाईंना मराठी ग्रंथांचे चांगले वाचन होते. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, आजूबाजूला बंगाली, हिंदी व संथाळी बोलणारे लोक, आणि मधे एक विधवा बाई आपल्या भाच्याला मराठी शब्द, मराठी संत व मराठी इतिहास यांची गोडी लावते आहे! देउस्करांचे चरित्र वाचताना मी पुष्कळ वेळ या ठिकाणी थांबले. भाषा राखण्याचे काम मोर्चे काढून होते तसे ते चुलीपुढेही होते. आणि चुलीपुढचे काम बहुधा आपणा बायकांचेच असते.

या मुलाची घरची भाषा मराठी झाली, तशीच दारची भाषा बंगाली झाली. देवघरच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. त्या गावी त्या काळी राजनारायण बसू राहत असत. हे बंगालमधील एक जुने राष्ट्रभक्त, श्रीअरविंदांचे मातामह. शाळेचे मुख्याध्यापक योगींद्रनाथ बसू हे मायकेल मधुसूदन दत्तांचे चरित्रकार. अशा थोरांच्या सहवासात सखाराम बंगाली साहित्यात मुरत गेला. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला आणि बंगाली नियतकालिकांतून लिहू लागला. परंतु देवघरच्या गोऱ्या मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर त्यांनी वर्तमानपत्रातून टीका केली आणि त्यापायी शिक्षकाची नोकरी गेली. देउस्कर कलकत्त्यास आले व ‘हितवादी’ या बंगाली पत्रात मुद्रिते तपासण्याच्या कामावर राहिले. शिक्षकाची खुर्ची सोडून छापखान्यात कच्ची मुद्रिते तपासावयास बसणे सोपे नसते. पण त्याच पत्राचे ते पुढे संपादक झाले. परमुलखातल्या एका मराठी माणसाने बंगाली भाषेतल्या एका प्रमुख पत्राचे संपादकपद भूषवावे, यात त्यांच्या बंगालीचा केवढा गौरव आहे! आणि ते पद त्यांना देणाऱ्या बंगाली लोकांचा गौरव त्याहून कमी नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्या प्रांतात बर्ग्यांच्या नावाने मुले भीत, त्या प्रांतात देउस्करांनी शिवछत्रपतींची ओळख करून द्यावयाचे मनावर घेतले. त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. बंगाल्यांना मराठ्यांविषयी काय वाटते याकडे दुर्लक्ष करून आपल्याच चार मराठी घरांत शिवजयंती साजरी करावी, हा एक. किंवा आपण मराठी आहोत हेच विसरून जावे आणि बंगाली होऊन मोकळे व्हावे, हा दुसरा. देउस्करांनी दोन्ही टाळले. त्यांनी महाराष्ट्राची कथा बंगालीत, उत्तम बंगालीत लिहिली. ‘महामती रानडे’, ‘झाँसीर राजकुमार’, ‘बाजीराव’, ‘शिवाजीर महत्त्व’, ‘शिवाजीर दीक्षा’ अशी लहान-मोठी पुस्तके त्यांनी १९०१ पासूनच्या चार-पाच वर्षांत बंगाली वाचकांच्या हाती दिली. बर्ग्यांच्या पलीकडेही एक महाराष्ट्र आहे. तेथे रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये असे सैन्याला बजावणारा राजा होऊन गेला. तेथे न्यायमूर्ती रानड्यांसारखा विचारवंत होऊन गेला. हे त्यांनी बंगालला बंगालच्याच भाषेत समजावून सांगितले.

१९०२ साली त्यांनी कलकत्त्यात शिवाजी-उत्सव सुरू केला. लोकमान्यांनी महाराष्ट्रात चालविलेल्या उत्सवाचेच हे पूर्वेकडचे रोप होते. १९०४ साली ‘शिवाजीर दीक्षा’ या त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही दीर्घ कविता लिहून दिली. शिवाजीराजांनी सारा भारत एका धर्मराज्याच्या सूत्रात ओवण्याचा विचार केला तेव्हा बंगालला त्याची वार्ताही नव्हती, आज मात्र बंगाल ती हाक ऐकतो आहे, अशा आशयाची ती कविता आहे. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्या खेड्यांतून आपल्या घोड्यांच्या टापा वाजल्या, त्यांच्याच महाकवीने आपल्या राजाचे गुणगान करावे, ही गोष्ट तलवारीने साधली नसती. ती एका माणसाच्या लेखणीने व सौजन्याने साधली.

सारेच काही साखरेसारखे गोड झाले, असे मात्र नव्हे. १९०६ साली लोकमान्य टिळक कलकत्त्यास गेले असता शिवाजी-उत्सव फार मोठ्या प्रमाणावर झाला व त्यात भवानीची पूजा झाली. मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्म समाजाच्या मंडळींना ती रुचली नाही, आणि मुसलमान समाजाला तर तो उत्सव आपला वाटला नाही. आपला आनंद शेजाऱ्याच्या आनंदात कसा मिसळावा, ही कला अवघड आहे. आपल्या देवघरातला नंदादीप अंगणात आणला की त्याच्यापुढे सर्वांनी हात जोडावेत असे आपल्याला वाटते. सर्वांना ते जमतेच असे नाही. यात उत्सव करणाऱ्यांची निष्ठा खोटी ठरत नाही; पण पुढच्यांनी शिकावा असा धडा त्यात आहे खराच.

देउस्करांचे नाव अजरामर केले ते ‘देशेर कथा’ या १९०४ सालच्या पुस्तकाने. कथा म्हणजे येथे कादंबरी नव्हे, देशाची हकीकत. इंग्रजी राज्यात हिंदुस्थानची संपत्ती कशी शोषली गेली, विणकरांचे माग कसे बंद पडले, शेतकरी कर्जात कसा बुडाला, दुष्काळ कसे वाढले, याची आकडेवारीसह मांडणी या ग्रंथात आहे. दादाभाई नौरोजी हे गुजराती बोलणारे पारशी, रानडे मराठी, रमेशचंद्र दत्त बंगाली, विल्यम डिग्बी तर खुद्द इंग्रज. या साऱ्यांच्या इंग्रजी ग्रंथांतील मर्म देउस्करांनी सामान्य बंगाली वाचकाला समजेल अशा भाषेत उतरविले. देश जिंकणारा आधी मुलूख जिंकतो व मग माणसांची मने मोहिनी घालून जिंकतो, आणि ही दुसरी गुलामी पहिलीहून वाईट असते, हा विचारही त्यांनी त्यात मांडला. आज आपल्या घरांत इंग्रजीची जी मोहिनी पडली आहे तिच्याकडे पाहता, हा विचार जुना झालेला नाही असे वाटते.

पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९०५ रोजी, कर्झनसाहेबांनी केलेली बंगालची फाळणी अमलात आली. त्या दिवशी बंगाली माणसांनी एकमेकांच्या हाती राख्या बांधल्या आणि घरोघरी चुली पेटल्या नाहीत. या व्रताला तिकडे ‘अरंधन’ म्हणतात. विलायती कापड व विलायती मीठ-साखर यांवर बहिष्कार पडला. या चळवळीतल्या तरुणांच्या हातात जी पुस्तके होती, त्यांत ‘देशेर कथा’ हे अग्रभागी होते. चार-पाच वर्षांत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. ‘स्वराज्य’ हा शब्द बंगालच्या राजकीय लिखाणात प्रथम वापरण्याचे श्रेय श्रीअरविंदांनी देउस्करांनाच दिले आहे. शिवकालातला हा शब्द मराठी आत्याबाईच्या मांडीवर वाढलेल्या माणसाने बंगालीच्या ओटीत घातला, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. १९१० साली सरकारने ते पुस्तक जप्त केले. सरकारला ज्या पुस्तकाची भीती वाटते त्याला निराळ्या प्रशस्तिपत्राची गरज नसते.

देउस्करांच्या स्वभावाचा कस लागला तो १९०७ सालच्या अखेरीस. सुरतेस राष्ट्रसभेत फूट पडली. ‘हितवादी’च्या चालकांची इच्छा अशी की, संपादकांनी टिळकांविरुद्ध लिहावे. देउस्करांनी साफ नकार दिला व संपादकपदाचा राजीनामा देऊन ते मोकळे झाले. पुढे राष्ट्रीय शिक्षण परिषदेने स्थापिलेल्या महाविद्यालयात ते बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवू लागले. या घटनेकडे बारकाईने पाहिले म्हणजे दोन गोष्टी ध्यानी येतात. ज्या बंगालीने त्यांना भाकरी दिली, मान दिला, त्या बंगालीत ते इतके रमले की, बंगाली मुलांना बंगाली शिकविण्याची योग्यता त्यांच्यात आली. आणि तरीही आपल्या लोकमान्यांविषयीची निष्ठा त्यांनी भाकरीसाठी विकली नाही. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्या खटल्याची हकीकत व टिळकांचे अल्पचरित्र त्यांनी बंगालीत प्रसिद्ध केले. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्या वयाला त्रेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

देउस्करांनी लावलेला हा वेल त्यांच्या पश्चात सुकला नाही. त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर हे काशीस जन्मलेले. मामांच्या ‘देशेर कथे’चे ‘देश की बात’ या नावाने हिंदी रूपांतर करणारे तेच. १९२० साली काशीस ‘आज’ हे हिंदी दैनिक निघाले, त्याचे ते दीर्घकाळ संपादक होते. हिंदी वृत्तपत्रसृष्टीत त्यांचे नाव आजही आदराने घेतात. देशाच्या प्रमुखासाठी आपण जो ‘राष्ट्रपती’ हा शब्द रोज वापरतो, तो रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. त्यांच्याच सारखे दुसरे माधवराव सप्रे. यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे समर्थांचा दासबोध व लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. परंतु कन्नड कवितेत त्यांनी जे वैभव निर्माण केले त्याबद्दल त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ते ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने कविता लिहीत. अंबिका हे त्यांच्या आईचे नाव. कन्नड काव्याच्या शिखरावर एका मराठी आईचे नाव असे कायमचे कोरले गेले आहे!

कोणी म्हणेल, आपली माणसे बाहेर जाऊन देत राहिली. आपल्याला त्यातून काय मिळाले? याचे उत्तर कलकत्त्याच्या एकट्या ठाकूर घराण्यातच मिळते. रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे हिंदुस्थानातले पहिले आय. सी. एस. अधिकारी. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. येथल्या वास्तव्यात त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. दुसरे बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी गीतारहस्याचा बंगाली अनुवाद केला. आणि सत्येंद्रनाथांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांनी मुंबईहून काय नेले, हे तर आपणा भगिनींना खास सांगण्यासारखे आहे. त्या काळी बंगालमधील कुलीन स्त्रिया घरात एकच लुगडे अंगाभोवती गुंडाळीत. त्या वेषात बाहेर पडणे शक्य नसे. ज्ञानदानंदिनींनी मुंबईस पारशी स्त्रियांचे साडी नेसणे पाहिले, त्यात आपल्या सोयीने फरक केला, जोडीला पोलके व परकर घेतला आणि ती पद्धत कलकत्त्यास नेली. तिकडे तिला ‘बोंबाई दस्तूर’, म्हणजे मुंबईची रीत, असे नाव पडले. ज्या वेषाने बंगाली स्त्रीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता आले, त्याच्या निऱ्यांत मुंबईचा वाटा आहे. यामुळे बंगाली स्त्री बंगाली राहिली नाही, असे कोणी म्हटले आहे काय?

बंगालनेही आपली ओटी रिकामी ठेवली नाही. बंकिमचंद्र व शरच्चंद्र यांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांत पोचल्या, त्या मामा वरेरकरांसारख्यांच्या अनुवादांमुळे. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी शरद्‌बाबूंच्या नायिकांसाठी चोरून डोळे पुसले असतील! पु. ल. देशपांडे यांनी तर पन्नाशीच्या घरात आल्यावर शांतिनिकेतनात राहून बंगालीचा अभ्यास केला आणि ‘वंगचित्रे’ लिहिले. पु. लं.च्या मराठीपणात त्यामुळे काही उणे आले, असे म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे.

अभिमानाला औदार्याची जोड नसली म्हणजे काय होते, हेही त्याच बंगाली भाषेच्या इतिहासात दिसते. १९४७ साली पाकिस्तान झाले तेव्हा पूर्व पाकिस्तानातील बहुसंख्य लोकांची भाषा बंगाली होती. असे असता, राज्याची भाषा उर्दू आणि उर्दूच राहील, असे बॅरिस्टर जिनांनी १९४८ साली डाक्क्यास जाहीर केले. उर्दू ही काय कमी गोड भाषा आहे? परंतु साखरसुद्धा कोणी बळजबरीने घशात कोंबली तर गुदमरावयास होते. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी डाक्क्यात आपल्या भाषेसाठी पुढे आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला व तरुण मुले प्राणांस मुकली. पुढे १९५६ साली बंगालीला राज्यभाषेचा मान देण्यात आला खरा, पण मने दुभंगली ती दुभंगलीच. आणि १९७१ साली बांगलादेश वेगळा झाला. १९९९ साली युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरविला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २७ तारखेला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. या दोन दिवसांचे शेजारपण मला फार अर्थपूर्ण वाटते. २१ तारखेला जगातल्या सर्व मातृभाषांना वंदन करावे आणि २७ तारखेला आपल्या मातृभाषेच्या पायांवर डोके ठेवावे. यात विरोध कुठे आहे?

आता थोडे आपल्या मंडळाविषयी. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, कचेरीत, बँकेत, दुकानात मराठीतून व्यवहार व्हावा, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला, तो फुकट झालेला नाही. त्यासाठी माणसांनी रक्त सांडले आहे. तेव्हा मराठीचा आग्रह धरणाऱ्या भगिनींना कोणी कोत्या मनाच्या म्हणू नये, असे मी प्रथमच सांगते. परंतु मला त्यांना एक विचारावयाचे आहे. मराठीला धोका आहे, तो खरोखर कोठून? आपल्या दारावर हिंदीत भाव सांगणाऱ्या भाजीवाल्याकडून, की आपल्याच घरात, ज्या नातवंडांना ‘एकोणसत्तर’ म्हणजे किती ते सांगता येत नाही, मराठी पुस्तकाचे एक पान सलग वाचता येत नाही, त्या नातवंडांकडे पाहून कौतुकाने हसणाऱ्या आपल्याकडून? करौंच्या त्या आत्याबाईंच्या आसपास मराठी पाटी नव्हती, मराठी शाळा नव्हती, मराठी सरकार तर नव्हतेच. तरीही त्यांनी भाच्याच्या मनात मराठी अशी रुजविली की, जन्मभर बंगालीत लिहूनही ती पुसली गेली नाही. आपल्याभोवती हे सारे असताना आपले दोर का सुटताहेत, हा विचार शेजाऱ्यावर रागावण्यापूर्वी आपण करावा.

दुसरी गोष्ट. आपल्या गल्लीतल्या ज्या परप्रांतीय भगिनी आहेत, त्यांनी मराठी शिकावी असे आपण म्हणतो. पण त्यांना ती शिकवावयाची कोणी? शिव्या देऊन कोणी भाषा शिकल्याचे मी शिक्षकी पेशात तरी पाहिले नाही. मूल भाषा शिकते ते मायेने बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून. मोठ्या माणसाचेही तसेच असते. मंडळाच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक सूचना विचारासाठी आहे. दर गुरुवारी दुपारी अन्य भाषक भगिनींसाठी तासभर मराठी वर्ग चालवावा. आणि महिन्यातून एकदा त्यांच्यापैकी एकीने आपल्या भाषेतली एखादी गोष्ट, एखादे व्रत, एखादा पदार्थ आपल्याला मराठीतून सांगावा, जमेल तसा, अडखळत का होईना. या सूचनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. वर्ग चालविण्याचे काम माझ्याकडे दिल्यास ते मी आनंदाने करीन. हरकत घेणाऱ्या भगिनी म्हणतात की, मंडळ मराठी आहे, त्याचे मराठीपण बिघडेल. मला वाटते, ज्या मंडळात आणखी दहा स्त्रिया मराठी बोलू लागतील, ते मंडळ पूर्वीपेक्षा दहा जणींनी अधिक मराठी होईल. मग आपल्यापैकी चौघी-पाच जणींना बंगाली अक्षरे ओळखता आली, तेलुगू घरच्या आजीबाईंना त्यांच्या भाषेत ‘बऱ्या आहात ना’ असे विचारता आले, तर ती कमाई वेगळी.

देउस्करांच्या चरित्रातून मी जे शिकले ते एवढेच. ज्याचे घरचे मूळ घट्ट, त्याला दारचा वारा भिववीत नाही. ज्याला आपल्या आईचा खरा अभिमान आहे, तो दुसऱ्याच्या आईला नावे ठेवणार नाही. उलट तिची थोरवी त्याला चटकन कळेल. आणि आपल्या पूर्वजांच्या घोड्यांनी ज्यांची शेते तुडविली त्यांची कहाणीही जो शांतपणे ऐकून घेऊ शकतो, त्याच्याच तोंडून आपल्या राजाची थोरवी ऐकावयास जग तयार होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी आपण पेढे वाटले, मंडळाच्या दाराला तोरण बांधले. पण त्याच दिवशी, त्याच निर्णयाने, बंगालीलाही तोच मान मिळाला, हे आपल्यापैकी किती जणींच्या ध्यानात आहे? पाली, प्राकृत व असमिया याही त्याच पंगतीला बसल्या. मानाच्या पाटावर या भाषा एकमेकींच्या शेजारी बसल्या असताना आपण त्यांच्या लेकींनी एकमेकींकडे पाठ करून बसावे, हे शोभत नाही. येत्या संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर आपल्या शेजारणीच्या भाषेतला निदान एक शब्द आपण घरी आणू या, आणि आपला एक शब्द तिच्या ओटीत घालू या. मंडळाच्या नव्या वर्षाचा आरंभ याहून चांगला कोणता असणार?